सड्यावरचे बूट

आमचे शेजारी रोज पहाटे सड्यावर धावायला जात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं खडबडीत जांभ्या दगडाचं माळरान. तिथे मागे कुत्रं लागल्याशिवाय धावणारं माणूस गावात दुसरं नव्हतं. कॅनव्हासचे बूट घ्यायला ते कुडाळला संध्याकाळीच जात, कारण तोवर पाय थोडा फुगतो. बूट घालून दुकानात उड्या मारत, मग रस्त्यावर धावत सुटत, आणि मागून दुकानदार. धुतलेले बूट पोटात वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळायचे. बायकोने एकदा ते अंगणात ठेवले, तर "उनात सोल सुटता गो!" म्हणून दिवसभर रुसून बसले. कुणी नवे बूट घेतले की बजावत, "पयल्या दिवशी लांब जाव नको."

आमचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याच्या पायाशी चपला वाहतात, आणि त्या त्याच्या फिरण्याने झिजतात असं मानतात. शेजाऱ्यांनी त्यातल्या जुन्या चपला उलट्या करून तपासल्या आणि पुढच्या जत्रेला दुकानातला सगळ्यात मोठा कॅनव्हासचा जोड घेऊन हजर झाले.

गुरव म्हणाला, "देव काय शाळेत जातलो?"

"चपलेन सड्यार घसरतलो. भायली कड बघ, कशी झिजली ती."

मग मूर्तीसमोर बसून त्यांनी नाड्या ओवल्या, सोडल्या, पुन्हा जरा सैल बांधल्या आणि हात जोडून पुटपुटायला लागले. एवढं काय मागतायत म्हणून मी कान दिला.

"देवा, नवे आसत. पयल्या दिवशी लांब जाव नको."