भोंग्याचे दोन घास

आमचा भोंग्या आज सकाळी गेला.

त्याच्या खाण्यापिण्याची सगळी अक्कल घरात फक्त मलाच होती.

सात वर्षांचा कुत्रा. प्लांटचा भोंगा वाजला की अंगणात बसून सूर लावायचा, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं.

बाबा भंडाऱ्याचे, पण इथं छत्तीसगढात प्लांटच्या नोकरीला आले आणि बासी शिकले. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी दही घालून खायचा. आधी भोंग्याचे दोन घास बाजूला, मगच स्वतःच्या ताटात मीठ-कांदा.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून परत आले, ते इंटरनेटचं शहाणपण घेऊनच. कुत्र्यांना धान्य वाईट. ग्रेन-फ्री फूड बेस्ट. पाकिटावर लांडग्याचा फोटो होता, मला तेवढा पुरला.

"अवं, दोन घासानं काय होते? तो मले पाहून राहिला ना."

"बिल्कुल नाही, बाबा. लाडात मारून टाकाल तुम्ही त्याले."

हे मी बोलले होते.

भोंग्या बरेच दिवस बाबांच्या ताटाशी येऊन बसायचा. मग त्यानं तेही सोडलं.

या उन्हाळ्यात त्याला दम लागायला लागला. रायपूरला नेऊन इको केला. हृदय फुगलेलं.

डॉक्टरांनी आधी खाणं विचारलं. मी ऐटीत सांगितलं.

"पक्का नहीं कह सकते. पर ऐसा फूड खाने वाले कुत्तों में ये देखा गया है. आज से बंद कीजिए."

परतताना मागच्या सीटवर भोंग्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या बाबांनी हळूच विचारलं,

"आता देऊ का वं याले भात?"

"मी म्हणत नव्हतो का" असं म्हणून ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी परवानगी मागितली.

औषधं सुरू झाली, फूड बदललं, बासी परत आली. काही दिवस शेपूटही हलली. पण उशीर झाला होता.

दुपारी त्याला घरामागच्या आंब्याखाली मातीत ठेवून आलो. बाबांना बळेच जेवायला बसवलं. कालचा भात भिजलेलाच होता.

त्यांनी सवयीनं दोन घास बाजूला काढले. मग मिठाकडे गेलेला हात तसाच थांबला.

ते दोन घास मी खाल्ले. बिनमिठाचे.

भोंग्या, मला माफ कर रे. नीट जा, बाळा.