खाली कोणी राहतं का, ते आधी बघा

या, जरा जवळ या. स्कूटी बंदसुद्धा न करता मूल फाटकातून आत ढकलायचं आणि वर मलाच विचारायचं, "अक्का, आमचं पोरगं रोज मातीत का लोळतं?" असं चालत नाही हो. दोन मिनिटं बसा. ज्या मैदानाच्या तासामुळे तुमच्या मुलांचे गुडघे काळे होतात, तो तास एकदा बंदच पडणार होता. तो कोणी वाचवला, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते.

श्रावणातला सोमवार होता. प्रार्थना नुकतीच संपली होती. आमच्या या धुळ्याच्या बालवाडीत मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. शिक्षण दहावी. कोर्स नाही, डिप्लोमा नाही. मुलांकडे बघत बघत शिकले. फाटकातून माँजी आत आल्या. माँजी म्हणजे किराणा होलसेलवाल्या मारवाडी कुटुंबातल्या आजी, अख्खी गल्ली त्यांना माँजीच म्हणते. त्यांची नात दिशू माझ्या वर्गात, साडेचार वर्षांची. माँजींनी दिशूची परिसर फाइल माझ्या टेबलावर ठेवली. परिसर फाइल म्हणजे मुलं आसपासच्या वस्तू गोळा करून चिकटवतात ती वही. त्यात दहा झाडांची दहा पानं होती. मीच सांगितलं होतं, घरून दहा पानं तोडून आणा.

माँजींनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "अक्का, चौमासा चालू आहे. आमच्या घरात पालेभाजीसुद्धा येत नाही. पोरीनं टीचरचं ऐकलं, पानं तोडली. आता जेवत नाही. विचारते, दादी, झाडाला लागलं असेल का?"

आता माझं बघा. माझं माहेर फैजपूरकडचं, केळीच्या बागेतलं. केळीची पानं कापली, चिंचेचा पाला ओरबाडून खाल्ला, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवला. झाडं, माती, किडे यातलं मला कोणी शिकवावं, आणि तेही दुकानाच्या वर राहणाऱ्या बाईनं, हे मला रुचलंच नाही. मी म्हटलं, "माँजी, मी शेतकऱ्याची लेक आहे. दहा पानांनी झाड मरत नाही."

"झाडाचं मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "पोरीचं विचारतेय."

फाइल तिथंच ठेवून त्या गेल्या.

त्या दिवशी मैदानाच्या तासाला मुलं पानं-फुलं गोळा करायला पळाली, दिशू मैदानात उतरली नाही. व्हरांड्याचा खांब धरून उभी राहिली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आमच्या मदतनीस सखूबाई शिंदखेड्याकडच्या, त्यांची बोली अहिराणी. त्या मला म्हणाल्या, "बठ्ठा पोरे भाहेर शेतस, ही एकलीच आठे. काय व्हयनं तिले?" सगळी पोरं बाहेर आणि ही एकटीच इथं का, ते मला ठाऊक होतं. घर म्हणतं झाडाला जीव आहे, शाळा म्हणते तोड. एवढ्याशा पोरीनं कोणाचं ऐकायचं? तिनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. पाय मातीला लावायचाच नाही.

गुरुवारी संस्थेच्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. माँजींच्या गल्लीतून एक रिक्षा येते, त्यात नऊ मुलं. तिथल्या आया कुजबुजायला लागल्या होत्या.

"अक्का, रिक्षाच दुसऱ्या शाळेकडे वळली तर मी काय करू? मैदानाचा तास बंद करा. वर्कशीट द्या."

वर्कशीट म्हणजे छापील कागद. त्यावर पान काढलेलं असतं, मुलानं त्यात हिरवा रंग भरायचा. कपडे मळत नाहीत, कोणाची तक्रार येत नाही. मुलांना पानाचा वास मात्र कधी कळत नाही. हा तास मिळावा म्हणून मी दोन वर्षं सरांच्या मागे लागले होते. शेवटी म्हटलं, मला सोमवारपर्यंत वेळ द्या.

सर म्हणाले, "सोमवारी रिक्षा आली तर बोलू."

शनिवारी दुपारी माँजींच्या घरी गेले. खरं सांगते, माफी मागायला नाही, समजवायलाच गेले होते. वाटेत वाक्यं जुळवत गेले. वर पोचले तर आजी-नात फरशीवर बसून गहू निवडत होत्या. ताटात गहू पसरलेले. दिशूला त्यात एक सोंड्या सापडला. धान्यात होतो ना, तो बारीक काळपट किडा. तिनं त्याला दाबला नाही, झटकला नाही. बोट पुढे धरलं आणि थांबली. किडा आपणहून बोटावर चढेपर्यंत थांबली. मग बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. आजीला म्हणाली, याला नाक आहे, लांब. मग उठून त्याला सावलीत, कोनाड्यातल्या भुशाच्या डब्यात सोडून आली.

मी जुळवलेली वाक्यं विसरले. माझ्या वर्गात बत्तीस मुलं. इतका वेळ एका किड्याकडे बघणारं मूल मी तयार केलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी तोडायला शिकवत होते, आणि त्याला निसर्ग म्हणत होते.

मी गुमान ताटाशी बसले आणि गहू निवडायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, "माँजी, झाडावरून पडलेलं पान घेतलं तर चालेल का?"

त्यांनी हातातला खडा बाजूला टाकला. "पडलेलं घ्या. पण उचलायच्या आधी अलगद उलटून बघा, खाली कोणी राहतं का. राहत असेल तर ते घर आहे. परत झाकून ठेवा."

एवढंच. पाठ्यपुस्तकात असं वाक्य मला आजवर सापडलेलं नाही.

सोमवारी रिक्षा आली. तेव्हा मैदानात मी मुलांना नवा नियम सांगितला. तोडायचं नाही. पडलेलं पान उलटायचं, खालच्याला बघायचं, झाकायचं. वर्गात येऊन त्याचं चित्र काढायचं. पहिला दिवस नुसता गोंधळ. एक गोम निघाली, तर अर्धी मुलं माझ्या पदराला. एका पठ्ठ्यानं बदामाचं एकच मोठं पान आठ वेळा उलटलं. खाली कोणी राहीना. मग त्यानं खिशातले मुरमुरे पानाखाली ठेवले आणि मला सांगितलं, "अक्का, भाडेकरू येईल." दुसऱ्या दिवशी तिथं मुंग्यांचं अख्खं कुटुंब राहायला आलेलं.

दिशू खांबापाशीच होती, पण आता बघत होती. बुधवारी निंबाखाली कोणाला तरी गोगलगाय सापडली आणि त्यानं ती उचलून पायरीच्या उन्हात ठेवली. खांबाकडून आवाज आला, "उन्हात नको. सावलीत ठेव." कोणी ऐकेना. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती खाली उतरली. बोट पुढे धरून उकिडवी बसली, गोगलगाय बोटावर घेतली आणि निंबाच्या बुंध्याशी सोडली. मग तिच्या लक्षात आलं, आपण मातीत आहोत. माझ्याकडे बघितलं. मी लगेच दुसरीकडे बघितलं. अशा वेळी टीचरनं बघायचं नसतं, ही मी बारा वर्षांत शिकलेली एकमेव युक्ती.

सर ऑफिसच्या दारातून बघत होते. खाली आले. बुटाच्या टोकानं एक पान उलटायला गेले, तर चार-पाच मुलं ओरडली, "हातानं, सर." सर वाकले. तास चालू राहिला.

शुक्रवारी मी माँजींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "हे काय, मी तर तक्रार करायला आले होते." खरं आहे. पण मी शिकले त्यातलं बरंच असं तक्रारीतूनच आलं माझ्याकडे, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. शेतात वाढलं म्हणून माणसाला शेत दिसतंच असं नाही. आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावं, उत्तर मागाहून द्यावं.

आता माँजी दर महिन्याला एकदा येतात, बदामाखाली खुर्ची टाकून बसतात. थंडीत बदामाची पानं लाल होऊन ढिगानं पडतात, आणि एवढी पानं उलटायला आम्हाला हात पुरत नाहीत. तेव्हा तुम्हीही या. सकाळी दहाला या, तासभर बसा. पुढच्या आठवड्यातच या ना.