राहेलबाईंची करग्याची बांधी

साकोलीहून लाखांदूरकडे जाणारी एसटी साडेनऊला सुटणार होती. ती सव्वादहाला सुटली. एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातला शनिवार होता. नागपूर अंधारातच सोडले होते आणि भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर उजाडले. लाखनीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाशिवाय काही दिसेना. धान निसवला होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या होत्या, पण अजून वाकल्या नव्हत्या.

नागपूरच्या एका दैनिकात दुसऱ्यांचा मजकूर तपासणे हे माझे काम. त्याशिवाय एका ख्रिस्ती कौटुंबिक मासिकासाठी दर महिन्याला एक पान लिहीत असे. त्या महिन्याचा विषय निदणाचा दृष्टांत होता. मालकाने शेतात चांगले बी पेरले. लोक झोपेत असताना वैऱ्याने त्यात निदण पेरले. नोकरांनी विचारले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको. निदणाबरोबर पीकही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. हा दृष्टांत मी लहानपणापासून ऐकत होतो, पण निदण कधी पाहिले नव्हते. ओळखीच्या डॅनियल मास्तरांना तसे कळवले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: ‘आमच्याकडे या. आमच्या बांधीत ते भरपूर आहे.’

एसटीत शेजारी एक बाई शिंगाड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“कुठं जाऊन राहिले जी?”

मी गावाचे आणि मास्तरांचे नाव सांगितले.

“मास्तरच्या घरी? मंग राहेलबाईचा चिन्नोर खाल तुम्ही. एक डाव खाल्ला का घरचा भात गोड नाही लागत. बायको भांडते मंग.” त्यांनी उकडलेले चार शिंगाडे माझ्या हातावर ठेवले. पैसे विचारले तर म्हणाल्या, “पाव्हण्याले कोणी इकते का?”

सानगडीला उतरलो. डॅनियल मास्तर सायकल घेऊन उभे होते. वय चाळिशीच्या आत, पांढरा सदरा, खिशाला पेन. प्राथमिक शाळेत शिकवतात आणि रविवारी गावातल्या लहान मंडळीची उपासना चालवतात. पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदाच साकोलीहून येतात. माझी पिशवी सायकलला अडकवून आम्ही तलावाच्या पाळीवरून चालत निघालो. पाण्यावर कमळाची पाने पसरली होती. पाळीखाली बांध्या (धानाची बांध घातलेली लहान शेते) पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या होत्या. चालताना मास्तरांनी मला घरची हकीकत सांगितली. ती त्यांनी शाळेतला अहवाल वाचावा तशी सांगितली.

त्यांच्या आईला, राहेलबाईंना, लग्नात माहेरहून पायलीभर चिन्नोरचे बियाणे मिळाले होते. चिन्नोर म्हणजे इकडचा बारीक, सुवासिक धान. राहेलबाईंच्या आईलाही ते तसेच मिळाले होते. या घरात मुलगी सासरी जाताना दागिन्याआधी बियाण्याचे गाठोडे बांधले जाते. आता मार्थाचे, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचे, लग्न ठरले होते. जानेवारीत ती लाखांदूरला जाणार होती. पण तीन वर्षांपूर्वी मधला भाऊ योहान बाजारातून कुठले तरी बियाणे घेऊन आला आणि न पाखडता, न विचारता त्याच ढोलीत (बांबूच्या मोठ्या कणगीत) ओतून मोकळा झाला. त्यात करगा होता.

“करगा म्हणजे?”

“तुमचं निदण. रानधान. पानं धानासारखी, खोड धानासारखं. आणि पिकायच्या आधीच दाणा गाळतो. एकदा गळला की पुढच्या वर्षी मातीतूनच उगवतो.”

“आणि योहान?”

“तो तुमसरला राईस मिलमध्ये आहे,” मास्तर म्हणाले, आणि सायकल दुसऱ्या हाताला घेतली.

उरलेले मला नंतर मार्थाने सांगितले. मास्तर त्या वेळी सगळ्या मंडळीसमोर योहानला म्हणाले होते, “तू घराचं बी बुडवलंस.” योहान दुसऱ्या दिवशी गेला तो परतला नव्हता. राहेलबाईंनी एकेक लोंबी निवडून घरामागच्या एका लहान बांधीपुरते बियाणे वाचवले होते. पण करगा तिथेही उगवला होता आणि आठवड्याभरात तो दाणा गाळणार होता. मास्तरांनी ठरवले होते की सोमवारी ती बांधी जनावरांना चारायची आणि मार्थाला सरकारी बियाण्याची थैली द्यायची. राहेलबाईंनी हो म्हटले नव्हते.

दुपारी जेवायला बसलो. भात, तलावातली मासोळी आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. भाताचा वास ताटाच्या आधी आला. राहेलबाई साठीच्या, उंच आणि आवाजाने खणखणीत. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली: “हे आमच्या स्वर्गातल्या बापा, या अन्नासाठी, या पाव्हण्यासाठी, मार्था दूध पाह्य, आणि जे या ताटावर नाहीत त्याईच्यासाठी...”

मार्था पळाली. दूध वाचले. ‘आमेन’ झाल्यावर मास्तर म्हणाले, “आई, प्रार्थनेत दूध आणू नये.”

“काहून? देवाले उतू गेलेलं दूध आवडते का?”

चार वाजता बांधी पाहायला गेलो. ती तीस पावले लांब आणि वीस पावले रुंद होती. मार्थाने मला करगा दाखवला: उंच, थोडा आधी निसवलेला, लोंबीला कुसळ. मला खूण सोपी वाटली. मार्था पाणी आणायला गेली, मास्तर शाळेच्या कामाला बसले. मी पॅन्ट दुमडून चिखलात उतरलो. अर्ध्या तासात मी उकिरड्याच्या बाजूचे सगळे उंच ठोंब मुळासकट उपटून धुऱ्यावर (बांधावर) रचले. ते अकरा होते. काम चोख झाल्याचे समाधान मला होते.

शेजारच्या बांधीतून सीताबाई नावाच्या शेजारीण पाहत होत्या. त्या ओरडल्या, “ओ राहेलबाई! तुमच्या पाव्हण्यानं धान उपटला नं माय!”

राहेलबाई आल्या. त्यांनी एक ठोंब उचलला, लोंबी तळहातावर चोळली, दुसरा उचलला. अकराही पाहिले. सगळे चिन्नोर होते. उकिरड्याचे खत लागून ते उंच वाढले होते. करगा मी एकही उपटला नव्हता.

मी क्षमा मागितली. त्या धुऱ्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

“आता समजलं मले,” त्या म्हणाल्या, “त्या मालकानं नोकराईले मना काहून केलं होतं ते. तुमच्यासारखेच असतीन त्याचे नोकर.”

पलीकडून सीताबाईंनी विचारले, “कोन्ता मालक जी?”

“आहे एक आमचा. तुम्हालेही सांगीन.”

मी विचारले, “पण मग करगा राहू द्यायचा का? मास्तर म्हणतात तो गळला तर बांधी गेली.”

“बांधीतला काढाच लागते,” त्या म्हणाल्या. “येशूनं ते धानासाठी नाही सांगितलं जी, माणसासाठी सांगितलं. करग्याचा धान कधी होत नाही. माणसाचा होते.” मग आवाज खाली आणून, “मी तुमसरले कार्ड टाकलं. मास्तरले सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना होती. प्रार्थनामंदिर म्हणजे कौलारू एक खोली. तेवीस माणसे होती. आत जाताना पाहिले तर वेदीच्या मेजावर, पांढऱ्या कापडावर, माझे अकरा ठोंब मुळे धुऊन उभे ठेवले होते.

“पहिलं पीक देवाले देतात,” राहेलबाई मला हळूच म्हणाल्या. “या वर्षी जरा लवकर निघालं.”

पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या तोंडावर पदर धरून बसल्या. गाणे सुरू झाले, तरी त्यांचे खांदे हलतच होते.

मास्तर वाचनाला उभे राहिले. निदणाचाच दृष्टांत होता. माझ्यासाठी त्यांनी तो निवडला होता. ‘उपटून टाकू का’ या प्रश्नापर्यंत ते आले आणि दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. तिशीच्या आतला एक माणूस, केसांवर धानाच्या कोंड्याची बारीक धूळ, हातात पत्र्याची पेटी, येऊन शेवटच्या चटईवर बसला. मास्तरांनी वर पाहिले. मग त्यांनी पुढचे वाक्य वाचले, मालकाच्या उत्तराचे. नेहमीपेक्षा हळू वाचले.

उपासना संपल्यावर मास्तर योहानशी बोलले नाहीत. योहान घरात गेला नाही. पेटी ओसरीवर ठेवून सरळ बांधीत उतरला. आम्ही सगळे मागे गेलो. तो एका ठोंबापाशी वाकला, लोंबी मुठीत न धरता तिच्यावरून नुसता हात फिरवला. चार दाणे सुटून चिखलात पडले.

“असं नाही,” तो म्हणाला. “खाली कापड पाह्यजे. दोघाईचं काम आहे. हात फिरवला का करगा दाणा सोडते, चिन्नोर धरून ठेवते. दाणा कापडातच पडला पाह्यजे, मातीत नाही.”

“कुठं शिकला रे हे?” राहेलबाईंनी विचारले.

“मिलमध्ये एक म्हातारा हमाल आहे. तीन वर्सं त्याले हेच इचारून राहिलो.”

राहेलबाईंनी घरातून जुना दुपट्टा आणला. मी हात पुढे केला.

“तुम्ही नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही धुऱ्यावर बसा. उपासनेपुरतं काल झालं तुमचं.” आणि दुपट्टा मास्तरांपुढे धरला. “डॅनियल. तू.”

मास्तर पांढऱ्या सदऱ्यात होते. त्यांनी आईकडे पाहिले, बांधीकडे पाहिले. पेन खिशातून काढून माझ्याकडे दिले, धोतर गुडघ्यावर खोचले आणि चिखलात उतरले. पहिले सात-आठ ठोंब झाले. मग योहानचा आवाज आला.

“खाली धर ना जरा.”

“धरलंय की.”

“अजून खाली. मास्तरकी शाळेत कर.”

“तुझा हात आधी हळू फिरव. लहानपणापासून घाई.”

“हाव, घाईच केली मी,” योहान म्हणाला. हात थांबला होता. “चुकलं माझं, दादा.”

मास्तरांनी दुपट्ट्यातले दाणे एका बाजूला सारले. “मीही सगळ्याईसमोर बोलायले नोको होतं,” ते म्हणाले. दोन दिवसांत ते घरच्या बोलीत बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. “चाल, ते कोपऱ्यातलं पाह्य. ते मले करगा वाटते.”

“तो चिन्नोर आहे.”

धुऱ्यावर सीताबाईंसकट सगळे हसले.

ऊन कलेपर्यंत काम चालले. योहान उपटत गेला, मार्था ठोंब मोजून धुऱ्यावर रचत गेली. करग्याचे एकशे चार ठोंब निघाले. चुकून उपटलेला त्यात एकही नव्हता. करग्याचे ते ठोंब राहेलबाईंनी धुऱ्यावरच काटक्या घालून जाळले. संध्याकाळी ताटावर एक माणूस जास्त होता आणि प्रार्थना छोटी झाली. मार्था दुधापाशीच उभी राहिली होती.

सोमवारी सकाळी सानगडीच्या थांब्यावर दोघे भाऊ मला पोचवायला आले. सायकल एक, पिशवी एक, आणि ती कोणी धरायची यावरून तलावाची पाळ संपेपर्यंत त्यांचे चालले होते. मास्तरांचे पेन माझ्याच खिशात राहिले, हे साकोलीला लक्षात आले.

ते मी पोस्टाने परत पाठवले. जानेवारीत त्याच पेनने लिहिलेले पत्र आले. बरोबर चिन्नोरची एक लहान पोटली होती. मार्था लाखांदूरला गेली. गाठोड्यात पायलीभर स्वच्छ बियाणे होते, त्यात करग्याचा एकही लाल दाणा नाही. गाठ योहानने बांधली. खाली राहेलबाईंनी सांगितलेले एक वाक्य मास्तरांनी जसेच्या तसे उतरवले होते: ‘पाव्हण्याले सांग, पायली भरली, पण ते अकरा असते तं शीग लागली असती.’

मासिकाचे पान मी ऑक्टोबरातच लिहून दिले होते. संपादनाच्या मेजावर माझे काम आजही उपटण्याचेच आहे. फक्त लाल पेन्सिल उचलण्याआधी आता मी मजकुरावरून एकदा हात फिरवतो आणि काय धरून राहते ते पाहतो.