मास्तरांची आंघोळ

त्या वर्षी उपवासकाळ सुरू झाला तेव्हा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की यंदा नुसतं मटण किंवा चहा सोडून भागणार नाही. प्रत्येकाने ईस्टरपर्यंत असं एक काम धरायचं, जे रोज करावं लागेल आणि जे करायची आपल्याला इच्छा नाही. वधस्तंभ एकदा उचलून होत नाही, तो रोज सकाळी उठून उचलावा लागतो, असं ते म्हणाले. मी मागच्या बाकावर बसून चहाच सोडायचं नक्की करत होतो. आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि लग्नाला आठ महिने झाले होते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दाराशी गाठलं.

“गंगापूर रोडला आपल्यातला तूच एक राहतोस. मास्तरांना आंघोळ घालायला माणूस हवाय.”

मी खिशातली सायकलची किल्ली काढली.

“चाळीस दिवस,” ते म्हणाले. “पुढचं पुढे बघू.”

मास्तर म्हणजे आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेचे मास्तर. मंडळीतल्या दोन पिढ्यांकडून त्यांनी वचनं पाठ करून घेतली होती, चुकलं की हातावर पट्टी. ते मंडळीच्या पंचांपैकीही एक होते. माझे वडील सुतारकाम करायचे आणि दारू प्यायचे. मी अकरा वर्षांचा असताना ते नाताळच्या उपासनेला पिऊन आले. मास्तरांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना देवळाच्या पायऱ्या उतरायला लावल्या, आणि पुढे पंचांच्या सभेत त्यांचं प्रभुभोजन, म्हणजे देवळातली भाकर आणि द्राक्षरस, वर्षभर बंद करायला लावलं. वर्ष संपलं तरी वडील देवळात आले नाहीत. आले ते थेट शवपेटीतून. पाळकसाहेब बदलून आलेले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. “बरं” म्हणालो. इच्छा नसलेलं काम हवं होतं, ते आयतंच मिळालं होतं.

मास्तरांना दिवाळीच्या सुमारास लकव्याचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. थोरली बहीण सोबतीला होती, पण तीच सत्तरी ओलांडलेली. स्वयंपाक करी, कपडे धुई. भावाला उचलणं मात्र तिच्याने होत नव्हतं. भाजीच्या मळ्याला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. माळ्याच्या घरची माणसं अंधारातच कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली असत. मी सायकल टेकवली की त्यातलं कोणीतरी म्हणे, “आलं बघा मास्तरांचं पोरगं.” मी त्यांचं पोरगं नव्हतो, पण रोज रोज कोण सांगत बसणार?

पाच वाजता उठायचं. जाऊन बंब पेटवायचा. रात्रीचे भिजलेले कपडे काढायचे, मास्तरांना पाठीशी धरून लाकडी खुर्चीत बसवायचं, खुर्ची ओढत न्हाणीत न्यायची. त्यांच्या निर्जीव हाताचं वजन किती असतं ते पहिल्या दिवशी माझ्या मानेला कळलं. पाणी जरा गार असलं तरी ते ओरडत. कानामागे साबण लागला नाही की म्हणत, “कान राहिला.” अंग पुसून, पाठीला पावडर लावून, धुतलेला सदरा घालून झाला की प्रार्थना. ती ते स्वतःच म्हणत. जीभ अडखळे, अर्धं वाक्य तिथेच अडकून राही, आणि मी घड्याळाकडे बघत उभा. सव्वासात. मग घर, दोन घास, आणि कचेरी.

चाळीस दिवस संपले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो तो सांगायला, की माझा नेम पुरा झाला, आता पाळकसाहेब दुसरी सोय करतील. दारात पोचलो तर बहिणीने बंबात पाणी भरून ठेवलेलं. म्हणाली, “काल सण झाला, म्हटलं आज उशिरा येशील. झोप झाली का रे बाळा?” मी बाह्या वर सारल्या.

दुसरी सोय कधी झाली नाही. कोणी केली नाही आणि मीही मागितली नाही. न मागण्यात चांगुलपणा फारसा नव्हता. लोक मला ओळखू लागले होते. उपासना संपली की म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवत. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात, नाव न घेता, आपल्यातल्या एका तरुणाचा दाखला दिला आणि सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली, पण मला ते हवंहवंसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. थंडी तेवढीच होती.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती पहाटे रडायची, नेमकी मी निघायच्या वेळेला. बायकोचं माहेर नांदगाव. बाळंतपण आटोपून परत आल्यावर तिला पुन्हा चार दिवस आईकडे जायचं होतं आणि मीही सोबत यावं असं तिच्या मनात होतं. मी म्हणालो, “मला कसं जमेल? मास्तरांचं कोण करील?”

ती भाकऱ्या थापत होती. थापता थापता थांबली.

“मंडळीत सगळे म्हणतात, यांनी स्वतःला नाकारलं. मला तर वाटतं, तुम्ही मलाच नाकारलंत.”

“अगं, असं काय बोलतेस?”

“मग काय बोलू? पाचला तुम्ही जाता. पोरीला घेऊन पाणी मी भरते, डबा मी करते. संध्याकाळी आलात की खुर्चीत बसल्या बसल्या झोपता. हे सगळं ठरवताना मला एका शब्दाने विचारलंत?”

नव्हतं विचारलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की मी जे सोडलं म्हणून मिरवतो त्यातलं निम्मं तिच्याकडून घेतलेलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, पण कळून मी केलं काहीच नाही. ती मुलीला घेऊन एकटी नांदगावला गेली. मी सायकल काढली.

वडिलांचा विषय मी मास्तरांपाशी तीन वर्षं काढला नव्हता. रोज त्यांची पाठ चोळताना तो मनात असे. कधीतरी तेच काढतील, निदान एवढं तरी म्हणतील की तुझ्या बापाशी मी कठोर वागलो, असं मला वाटायचं. मी त्याचीच वाट बघत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. एका सकाळी मीच विचारलं.

“मास्तर, माझे वडील आठवतात का तुम्हाला?”

त्यांनी डोळे बारीक केले. “रेल्वेत होते ते?”

“नाही. सुतार होते. देवळाच्या खिडक्या त्यांनीच केल्या होत्या. तुम्ही त्यांना नाताळच्या दिवशी बाहेर काढलं होतं.”

ते बराच वेळ विचार करत राहिले. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“नाही आठवत,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पुष्कळांना काढलं मी.” आणि मग, “पाणी घाल. गारठलो.”

मी पाणी घातलं. अंग पुसलं. त्या दिवशी प्रार्थना चालू असताना मी बाहेर जाऊन सायकलपाशी उभा राहिलो. कचेरीत फाईल उघडली तर अक्षरं लागेनात. ज्या गोष्टीने माझ्या घरातला एक माणूस कायमचा कोपऱ्यात बसला, ती यांच्या लेखी आठवणीत ठेवण्याइतकीही नव्हती. मी त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी पाचला उठलो, एवढंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही उठलो. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

चौथ्या वर्षी मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, उठलं की अंधारी. डॉक्टरांनी दीड महिना अंथरूण सांगितलं. मी बायकोला म्हणालो, पाळकसाहेबांना निरोप धाड. ती उठून शेजारच्या घरी गेली.

शेजारचे गृहस्थ पोस्टात होते, टपाल वाटून लावायच्या कामावर. बौद्ध कुटुंब, मूळचं येवल्याकडचं. चार वर्षांत आमचं बोलणं पाण्याच्या नळावर व्हायचं तेवढंच. ते माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

“कुठं राहत्यात ते मास्तर?”

“अहो, तुम्ही कशाला? मंडळीतलं कोणी येईल.”

“येईल तवा येईल. उद्याचं काय?” ते म्हणाले. “माझ्या बापाला दोन वरीस घातलीय मी आंघोळ. मला नवं नाय.”

मंडळीतून दोघेजण मला बघायला आले, फळं देऊन गेले. मास्तरांकडे कोणी गेलं नाही. शेजारी दीड महिना रोज गेले. मी खाटेवर पडून त्यांच्या सायकलचा आवाज ऐकायचो, जातानाचा आणि येतानाचा. येतानाचा आवाज माझ्यापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा असे.

बरा होऊन पुन्हा गेलो त्या दिवशी मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तो कुठाय?”

“मी आलोय ना आता.”

“तो बरा होता,” मास्तर म्हणाले. “घाई करत नव्हता.”

मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, कारण ते खरं होतं. चार वर्षं मी त्यांना उरकत आलो होतो. बहीणसुद्धा सांगू लागली, की प्रार्थनेच्या वेळी तो माणूस चपला काढून उंबऱ्याशी हात जोडून उभा असायचा, शेवटपर्यंत. संध्याकाळी मी शेजाऱ्यांचे आभार मानायला गेलो.

“आभार ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आसं करू. तीन दिस तुमी, तीन दिस मी. रईवारी ज्याला जमंल त्यो.”

“तुम्हाला कशाला त्रास?”

“मला तसंबी पहाटं झोप नाय लागत.”

याहून जास्त कारण त्यांनी कधी दिलं नाही. मला आधी वाटलं, माझ्या हातातून काहीतरी निसटतंय. मग तीन सकाळी मोकळ्या मिळाल्या. पहिल्या मोकळ्या सकाळी मुलगी उठली तेव्हा मी बायकोला म्हणालो, “तू झोप.” तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नसावा. मी पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला, पोरीला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरलो. देवाच्या सेवेतला दिवस कोणता आणि सुट्टीचा कोणता, हे मला नीट सांगता आलं नसतं. दोन्ही दिवशी पाय सारखेच दुखायचे.

मास्तर सहाव्या वर्षी, श्रावणात गेले. शेजाऱ्यांचा दिवस होता. ते परत येऊन म्हणाले, “चला. आज दोघंबी लागू.” शेवटची आंघोळ आम्ही दोघांनी मिळून घातली, पाणी नीट ऊन करून. मी रडलो नाही. मातीहून परत आलो, जेवलो आणि दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत झोपलो. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, बोलावलं. मी म्हणालो, साहेब, शेवटची दोन वर्षं निम्मं काम ज्यांनी केलं ते आपल्या देवळात येत नाहीत, आणि बाकीचं सगळं मी बहुतेक चिडूनच केलंय; यात सांगण्यासारखं काय आहे? त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभराने मास्तरांची बहीण मालेगावला भाचीकडे राहायला निघाली. आम्ही दोघं तिला स्टँडवर पोचवायला गेलो. शेजाऱ्यांनी तिची पेटी गाडीत चढवली आणि ते ड्युटी गाठायला गेले. मी खिडकीपाशी थांबलो होतो. म्हातारी म्हणाली, “तू फार रागाने यायचास रे बाळा. दारातून शिरलास की मला कळायचं.”

मी म्हणालो, “हो, आत्या.”

“मी भावाला म्हणायची, या पोराच्या बापाचं काहीतरी असणार. त्याला नाही आठवलं. मला आठवत होतं.” तिने खिडकीच्या गजावर हात ठेवला. “मी बोलायला हवं होतं. भीती वाटायची, बोललं तर तू यायचा बंद होशील.”

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. कचेरीला उशीर झालाच होता. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो, आणि बराच वेळ तिथून उठलो नाही.