चार सेकंदांची आत्या

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की दिपमाला ताठ मानेनं सांगते, "ॲनिमेशन करते." विचारणारा तिच्या कानामागच्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग पायातल्या स्लीपरकडे बघतो आणि हसतो. या हसण्याला उत्तर देणं तिनं सोडून दिलंय. एकदा फक्त एका बाईला सुनावलं होतं, "हसून झालं असंल तर पत्ता देते. या बघायला."

वय एकोणचाळीस. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर धुळ्याचं. सासर म्हणजे तरी काय, अडीच वर्षं. नवऱ्यानं, पुनानं, दुसरी आणली आणि हिला एसटीत बसवून दिली. कागद नाही, पत्र नाही. सोळा वर्षं झाली या गोष्टीला. फारकत नाही आणि नांदणंही नाही. माहेरी भावजयीनं छळ केला नाही, हे खरं सांगायला पाहिजे. पण पाहुणे आले की दिपमालाला आतल्या खोलीत शेंगा फोडायला बसवायचे. पाहुणे उठेपर्यंत शेंगा संपायच्या नाहीत. एक दिवस तिनं टोपली तिथंच ठेवली आणि जळगाव गाठलं.

मेहरूण भागात एक खोली घेतली. सकाळी साड्यांना फॉल-बिडिंग, दुपारी घेवरचंद शेठच्या दुकानात लग्नपत्रिकांना गोंडे बांधायचं काम. पुढे पत्रिका कमी झाल्या. लोक मोबाइलवर व्हिडिओ धाडू लागले. शेठच्या पोरानं, पुनीतनं, दुकानाच्या माडीवर आठ कॉम्प्युटर मांडले आणि मल्टिमीडियाचा क्लास उघडला. गोंडे संपले त्या दिवशी दिपमाला खाली उतरायच्या ऐवजी जिना चढून वर गेली.

"मला शिकव."

पुनीत गडबडला. "ताई, सगळं इंग्रजीत आहे."

"शिलाई मशीनवर पण इंग्रजीच लिहिलेलं असतं. ते वाचून मी टिपा मारते का?"

खिडकीजवळचा, सगळ्यांत जुना कॉम्प्युटर तिला मिळाला. बाकीच्या सात खुर्च्यांवर विशी-बाविशीची पोरं. त्यांनी पहिल्या दिवशी तिला 'काकू' म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून काहीच म्हटलं नाही. चहाला घोळक्यानं जायचे. हिला कोणी 'चला' म्हणालं नाही आणि हिनं कधी वाट बघितल्याचं दाखवलं नाही. डब्यातली भाकरी ती स्क्रीनकडे बघत खायची.

पण शिकली. थरावर थर कसे ठेवायचे, ते शिकली. फुलाला इथं उभं करायचं, तिथं उभं करायचं, मधली वाट कॉम्प्युटर स्वतः काढतो, हे तिला पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती तेच फूल तासभर इकडून तिकडं फिरवत बसली. सांगावं असं वाटलं कोणाला तरी. शेजारच्या पोरानं कानात इअरफोन घातले होते. संध्याकाळी खोलीवर जाऊन तिनं मोबाइल हातात घेतला, नावं वरखाली केली आणि ठेवून दिला.

परीक्षेला सगळ्यांना एकच काम होतं: मोबाइलवर पाठवायचं लग्नाचं आमंत्रण, तीस सेकंदांचं. पोरांनी तीस सेकंदांत नवरा, नवरी, तारीख, चमचम, झालं. दिपमालानं केलं ते चार मिनिटं दहा सेकंदांचं. आजोबा-आजी, काका-काकू, मामा-मामी, तीन गावचे भाऊबंद, एकूण एक. वर्ग खदखदा हसला. पुनीतही हसला.

आठवड्यानं सावद्याचे एक केळीवाले बागायतदार घरच्या लग्नाचं आमंत्रण करून घ्यायला आले. पुनीतनं पोरांचं चकचकीत काम दाखवलं. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि विचारलं, "आमचे नाना यात कुठं बसतील? काका कुठं? यात तर पोरगा-पोरगीच आहे. पळून चाललेत का ते?"

मग पुनीतनं मुकाट दिपमालाचं लावलं. दर जोडप्याला चार सेकंद. तेवढ्यात माणूस आपलं नाव वाचतो, स्क्रीनचा फोटो काढतो आणि स्टेटसला ठेवतो. हा हिशेब कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. पत्रिकेत नाव राहिलं म्हणून जेवणाच्या पंगतीतून उठून गेलेली माणसं बघितली असावी लागतात. केळीवाले खूश झाले. त्या दिवसापासून अशी कामं दिपमालाकडे येऊ लागली. दीड वर्षात तिनं कितीतरी घरं पडद्यावर नाचवली.

यंदा भावाचा, जीवरामचा फोन आला. "दिपा, सारिकानं लगीन ठरनं. मोबाइलवरलं तूच करी दे."

सारिका म्हणजे तिची भाची. अंगाखांद्यावर खेळवलेली. दिपमालाचा आवाज एकदम मऊ झाला. "करस मी. यादी धाड."

यादी आली, वहीच्या सात पानांचे फोटो. ती एकेक जोडी टाइप करत गेली. आजी-आजोबांच्या पानावर पहिलंच नाव 'कै. यशोदाबाई', तिची आणि जीवरामची माय. बोट जरा थांबलं, मग पुढे गेलं. आत्यांचं पान आलं. चुलत आत्या दोन, दोघी आपापल्या नवऱ्यासकट. सख्खी आत्या नाही. तिनं सातही पानं पुन्हा बघितली, मोठी करकरून बघितली, आणि फोन लावला.

"भाऊ, यादीत एक नाव राही गयं."

"कोनं? मामा तं बठ्ठा शेतस."

"मामा शेतस. आत्या नही. मी."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "तुनं एकलं नाव कसं टाकू, दिपा? बठ्ठी जोडीनी नावे शेतस. लोके इचारतीन, पाव्हना कोठे?"

"सांग, धुयाले शे. दुसरीसंगे."

"चिडू नको ना माय. मंग असं कर, पाव्हनानं, पुनानं नाव जोडी दे. कोन देखस?"

"मी देखस." तिचा आवाज चढला तशा सातही खुर्च्या वळल्या. "माय मरी गयी, तरी तिनं नाव शे. मी जिती शे, ते मनं नही?"

"ती गोट येगळी शे," जीवराम म्हणाला आणि फोन ठेवला.

वेगळी कशी, ते कोणीच सांगत नाही.

दोन दिवस तिनं त्या कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बसली. सनई-ढोल लावला, वर झेंडूचं तोरण हलतं ठेवलं. चुलत आत्या झाल्यावर तोरणाखाली एकच ओळ आणली: 'आत्या: दिपमाला'. पुढं नाही, मागं नाही. जोडीच्या नावांना दोन बाजूंनी यायची सवय. हे एकटं नाव कुठून आणावं, यावर ती बराच वेळ अडली. शेवटी ते कुठूनच आणलं नाही. जागच्या जागी उजळू दिलं. चार सेकंद, इतरांइतकेच, ना कमी ना जास्ती.

व्हिडिओ तयार झाला तेव्हा पुनीत मागे उभा होता. "ताई, घरी विचारलंत?"

"तू तुझं काम कर."

तिनं भावाला व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या.

पाचव्या दिवशी नातेवाइकांच्या स्टेटसला तो व्हिडिओ झळकू लागला. मामा, काका, दूरचे भाऊबंद, सगळ्यांकडे. दिपमालानं एकाचा लावला. चुलत आत्या आल्या, गेल्या, आणि खट्‌कन तोरण डावीकडून उजवीकडे उडालं, सनईचा सूर मध्येच तुटला, आणि मामा-मामी सुरू. तिनं दुसऱ्याचा लावला. तिथंही तेच. अमळनेरच्या कुठल्यातरी स्टुडिओवाल्याकडून कापून आणला होता. कापणाऱ्याला कापताही आलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. समोर कोणाच्या तरी साखरपुड्याचं काम उघडं होतं, त्यात नावं टाकत राहिली.

आठवडाभरानं जीवरामचा फोन आला. आवाज खाली. "दिपा, ते गानं मधमा तुटस. व्याही हासनात. लगीनमा मोठा पडदा लावना शे. तेवढं नीट करी दे."

"तठे काय व्हतं, तुले माहीत शे."

"माहीत शे. म्हनीसन तं तुले सांगस. तूच करी सकस."

खरंच होतं. पाच मिनिटांचं काम. तोरण सांधायचं, सूर सांधायचा, कोणाला कळलंही नसतं की मध्ये कोणी होतं. पोरांपैकी कोणालाही तिनं ते झोपेत शिकवलं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तो झटका मना शे. राहू दे त्याले."

लग्नाला ती गेली. सारिकेसाठी गेली, कोणी अडवलं नाही, कोणी पुढंही बोलावलं नाही. मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसली, दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत होता. दर फेरीला एका जागी सनई अडखळायची, जेवणारी माणसं क्षणभर वर बघायची, "काय झालं?" म्हणायची, आणि परत ताटात बघायची.

दिपमाला दर वेळी वर बघत होती.