शेवटची चाळीस पानं

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, पहिल्या शिफ्टला, ती माझ्या पुढच्या सीटवर बसायची. मांडीवर विटेएवढी जाड भुताची कादंबरी, आणि पानाची खूण म्हणून, कारखान्यात तपासून पास झालेल्या पार्टला लावतात तो हिरवा टॅग. भीतीची जागा आली की ती ओढणीचं टोक दातात धरायची.

टॅग शेवटाकडे सरकत गेला आणि एका सोमवारी पुन्हा सुरुवातीला दिसला. मला वाटलं, आवडली असेल. पण असं तीनदा झालं. बाकी पुस्तकाची कड मळलेली, शेवटची चाळीसेक पानं मात्र पांढरीशुभ्र. न राहवून मी विचारलं, "ताई, शेवट का नाही वाचत?"

"त्यातला मुका नावाडी, ती खडूस नर्स, सगळी एकेक करून मरणार, दिसतंयच की दादा. मी इथं थांबले तर जित्ती राहतात."

मी गोंधळलोच. रविवारी तेच पुस्तक आणलं आणि आधी शेवट वाचला. कुणीच मरत नाही. नावाडी सगळ्यांना सुखरूप काठावर आणतो.

हे सांगायचंच, असं ठरवून सोमवारी बसमध्ये चढलो. ती पुन्हा पहिल्या पानावर होती. माझ्या हातातलं पुस्तक तिनं पाहिलं.

"शेवट वाचला का हो तुम्ही?" विचारताना ओढणीचं टोक तोंडाशी गेलं होतं.

"नाही," मी म्हणालो. का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.