फिल्टरमधली गंगेची वाळू

त्या उन्हाळ्यात आमच्या परभणीच्या टँकचं पाणी गढूळ झालं आणि दोष बायकांच्या केसांवर आला.

टँक म्हणजे पोहण्याचा तलाव. पाणी तपासायचं आणि बायकांना पोहायला शिकवायचं, अशी माझी तिथली नोकरी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडिलांचं मानवतला पंक्चर काढायचं दुकान. नोकरी लागली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पाणी बघायला डिग्री लागती का, बाई?" मी म्हटलं, "लागती." मग त्यांनी गिऱ्हाइकांना आपणहून सांगायला सुरुवात केली.

दुपारी चारची बॅच बायकांची होती. मालकाच्या मागे लागून ती मी सुरू करून घेतली होती. भर उन्हात पुरुष यायचे नाहीत, म्हणून ती वेळ मिळाली. शाळेतल्या बाई यायच्या, दवाखान्यातल्या यायच्या. आडत व्यापाऱ्याच्या घरातली एक सून यायची. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी ती कधी काढत नसे. पाण्यात उतरताना कापडात घट्ट बांधून घ्यायची. घरी सासूला तिने सांगितलं होतं, "गुडघ्याला डॉक्टरनं पोहायला सांगितलंय." तिच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

एका सकाळी मॅनेजरकाकांनी मला ऑफिसात बोलावलं.

"म्याडम, बाया डोक्याला पावशेर पावशेर तेल थापून येतेत. समदं फिल्टरमधी जाऊन बसायलंय. मालकाला बोललोय मी. सोमवारपासून तुमची बॅच बंद."

"आणि सकाळची पोरं? ती काय कोरड्या डोक्याने येतात?"

"पोरांचं येगळं असतंय."

"कसं वेगळं?"

"आता हुज्जत घालू नका. तुमी लय शिकलेल्या हाव, म्हाईत हाय आमाला."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शिकलेल्या बाईला गप्प करायचं असलं की तिचं शिक्षणच तिच्या तोंडावर मारायचं. मी गप्प बसले नाही. "हो, शिकलेय. म्हणून आधी फिल्टर बघते, मग बोलते," असं म्हणून पंपाच्या खोलीत गेले.

आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. बाटलीतल्या पाण्याकडे बघून आम्ही काहीही ठोकून दिलं की ते म्हणायचे, "दिसतं ते सांगू नका, तपासलं ते सांगा." आमचा फिल्टर म्हणजे वाळू भरलेलं मोठं बंद पिंप. पाणी वरून शिरतं, वाळूतून गाळलं जातं आणि तळाच्या नळ्यांतून टँकमध्ये परत येतं. पिंपावर दाब दाखवणारा काटा असतो. तेलाने वाळू चिकटली असती तर पाणी अडलं असतं आणि काटा वर चढला असता. आमचा काटा नेहमीपेक्षा खाली होता. पाणी अडत नव्हतं, उलट न गाळता निसटत होतं.

मग मी टँकमध्ये उतरले. गाळलेलं पाणी जिथून परत येतं त्या तोंडाखाली पायाला बारीक रेती लागली. मूठभर वर आणली आणि तशीच ओल्या हाताने ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवली. मालक आले होते.

"तेल पाण्यावर तरंगतं, मालक. तळाला बसत नाही. ही फिल्टरमधली वाळू आहे."

काका उसळलेच. "गंगेची वाळू हाय ती! गेल्या महिन्यात जुनी काढली आन् ही सोता गंगाखेडहून आणून भरली मी. तिच्यावर बंगले हुभे राहायलेत लोकायचे!"

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेच्या वाळूला कुणी नाव ठेवत नाही. बांधकाम असो, कुंड्या असोत, पिण्याच्या माठाखाली घालायची असो, तीच चांगली. काकांनी लबाडी केली नव्हती. त्यांनी टँकला आपल्या मते उत्तम तेच दिलं होतं.

"बांधकामाला ती चांगलीच आहे, काका. पण फिल्टरला ती फार बारीक आहे, तळाच्या नळ्यांच्या चिरांतून निसटते. रविवारी मला फिल्टर उघडू द्या."

मालकांनी विचारलं, "आणि उघडून बिघडला तर?"

"तर बॅच बंद करा आणि मलाही घरी पाठवा."

मालकांनी परवानगी दिली, पण रविवारी वाळू उपसायला ठरवलेले मजूर आले नाहीत. "सुट्टीवर हायेत," काका म्हणाले आणि खुर्ची सावलीत ओढून बसले. मी बॅचच्या बायकांना फोन केले. ज्यांना जमलं त्या सगळ्या आल्या. कुणी घमेलं आणलं, कुणी बादली. व्यापाऱ्याची सून पदर खोचून म्हणाली, "ताई, सांगा कुठून उपसायचं. घरी सांगून आलेय, गुडघ्याला व्यायाम पाहिजे म्हणून."

पंप बंद केला, पिंपातलं पाणी सोडून दिलं, झाकण उघडलं. आत रव्यासारखी बारीक वाळू होती. ती उपसता उपसता सगळ्यांचे हात सोलले. दवाखान्यातल्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "ह्यात तेल कुठंय? पोळीला लावायपुरतं तरी निघू द्या की!" सगळ्याजणी हसल्या. काका हसले नाहीत, पण खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले.

तळाशी फणीसारख्या चिरांच्या नळ्या होत्या. त्यातली एक मधोमध तडकलेली. वाळूची पोती उंचावरून थेट कोरड्या पिंपात ओतल्याचा तो परिणाम. पिण्याच्या पाण्याचे प्लांट दुरुस्त करणाऱ्या दुकानात नवी नळी मिळाली. फिल्टरची खास वाळूही तिथेच मिळाली, एकसारख्या जाड दाण्याची. ती भरण्याआधी मी पिंपात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं, म्हणजे पडणाऱ्या वाळूचा मार नळ्यांना बसत नाही. पिंपाच्या मधून वर येणाऱ्या पाइपात वाळू जाऊ नये म्हणून त्याचं तोंड फडक्याने बांधलं. वाळू भरून झाल्यावर फडकं सोडलं, झाकण लावलं आणि आधी उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुतली. धुण्याचं पाणी नितळ यायला लागलं तेव्हाच पंप नेहमीसारखा सुरू केला.

"वाळूत बी फरक असतोय, हे मला कुनी सांगितलंच न्हाई," काका हळू आवाजात म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. तरी मी म्हटलं, "बायकांची बॅच बंद करण्याआधी विचारायचं होतं, काका."

सोमवारी दुपारी टँकच्या तळाच्या फरशा वरून मोजता येत होत्या. मालकांनी काठावरून वाकून पाहिलं. म्हणाले, "बरं. राहू द्या बॅच. पण बायकांनी डोकं धुऊन यायचं, असा एक बोर्ड लावा."

"लावते," मी म्हटलं, "पण त्यावर 'बायकांनी' असं लिहिणार नाही. सगळ्यांनी, असं लिहीन."

"सकाळचे लोक कटकट करतील."

"करू द्या. त्यांना मी समजावते."

मालक काकांकडे बघायला लागले. काका उठून बोर्डासाठी रंगाचा डबा आणायला गेले. 'सगळ्यांनी' हा शब्द मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत काढला. रंग ओला असतानाच चार वाजले. फाटकापाशी बायका थांबल्या होत्या. मी फाटक उघडलं.